दूध लाव

मंगळवार, ४ तारीख

ताई,

हे पाकीट उघडलंस म्हणजे निम्मं भांडण मिटलं, असं मी धरून चालते. न उघडता शिलाई मशीनच्या खणात टाकलं असशील तर पुढचं सगळं वायाच गेलं.

फोन करणार होते. पण फोनवर आपलं काय होतं ते तुलाही ठाऊक आहे. तू "हं" म्हणतेस, मी "हं म्हणजे काय" असं विचारते, आणि थोड्याच वेळात दोघी फोन आपटून मोकळ्या होतो. पत्रात निदान तुझं "हं" मला ऐकू येत नाही.

मुलगी झाली. दोरेवाल्याकडून तुला कळलंच असेल. त्या माणसाच्या पेटीत दोरे कमी आणि दुकानादुकानातल्या बातम्याच जास्त असतात. पोरगी गोल आहे, टणक आहे, आणि रडायला लागली की शेजारचे दार लावून घेतात. नवऱ्यानं पाहिल्या पाहिल्या तिला "बटण" म्हटलं आणि तेच चिकटलं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करणारा माणूस तो, पोरीकडेही तसाच बघतो, एखादं चाक बसवायचं राहिलंय का म्हणून. भला आहे. तू त्याच्याशी लग्नात चार वाक्यं बोलली असतीस तर तुलाही कळलं असतं. असो.

बाकी सगळं मजेत आहे. खोली लहान, पण उजेड भरपूर. मशीन खिडकीशी ठेवलंय. त्यावर सध्या बटणचे कपडे वाळत असतात, शिवण काही होत नाही.

एक विचारायचं होतं. माझ्यासाठी नाही. माझ्याकडे एक गिऱ्हाईक येतं, नवी बाळंतीण आहे. तिची बोंडं फार दुखतात. दवाखान्यातली सिस्टर "स्तनाग्रं" म्हणते, पण दुखताना एवढा मोठा शब्द तोंडातून निघत नाही. चिरा पडल्यात म्हणे. त्या बिचारीला विचारायला जवळ कुणी नाही. तुझी दोन्ही पोरं अंगावर पिऊन वाढली, तीही दुकानात, कटिंगच्या टेबलामागे, म्हणून वाटलं तुला काही माहीत असेल. घरच्या घरी करण्यासारखं काही असेल तर कळव. मी तिला सांगेन.

तुझी, हवी असेल तर,
चिंधी


रविवार, ९ तारीख

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. तू मापांपलीकडे काही लिहिलेलं मी जन्मात पाहिलं नाही, तेव्हा पत्राची आशा धरणं हा माझाच मूर्खपणा.

गिऱ्हाईक मीच आहे. तुला पहिल्या ओळीतच कळलं असणार.

आता लपवून काय करू. बटण तोंड लावते त्या क्षणी डोळ्यांपुढे ब्रह्मांड उभं राहतं. सुई बोटातून आरपार गेलेली आठवते का, शाळेच्या गणवेशांच्या वेळी? तेव्हा मी रडले नव्हते. आता रडते. ती रडायला लागली की मी उगाच कपड्यांच्या घड्या घालत बसते, आता पाजावं लागणार म्हणून. आणि मग आपल्याच लेकराची भीती वाटते याची लाज वाटते. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तो माझा चेहरा बघतो आणि चहा करून आणतो. दिवसातून इतका चहा होतो की भांडं निवत नाही.

उपाय सांगणाऱ्यांची इथे काही कमी नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून हाक मारूनच सांगतात, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं. म्हणाल्या, साबणानं घास म्हणजे कातडी घट्ट होईल. घासलं, तर आणखी फुटली. म्हणाल्या, लिंबाची साल चोळ. ताई, मी एवढ्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. मग ओल्या चहाच्या पुड्या ठेवल्या, तर दुखणं होतं तिथंच राहिलं आणि दोन चोळ्यांवर डाग तेवढे पडले. शेवटी त्या मध घेऊन खाली आल्या. तो मी लावला नाही, कारण सिस्टरनं आधीच बजावलंय की तान्ह्या बाळाच्या तोंडात मधाचा थेंबसुद्धा जाता कामा नये. काकूंना राग आला. मध परत नेला, वाटी मात्र विसरून गेल्या.

खरी गोष्ट आता सांगते. बटणचं वजन हवं तेवढं वाढत नाहीये. मी दुखतं म्हणून तिला लवकर सोडवते, ती अर्धपोटी झोपते. सिस्टर म्हणाली, एकोणीस तारखेला परत आण, तोवर वाढलं नाही तर डब्याचं दूध जोडीला देऊ. त्यात कमीपणा काही नाही, असंही म्हणाली, आणि मला ते पटतं. पण ताई, मला पाजायचंय. का ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही. ती पिता पिता मध्येच थांबून माझ्याकडे बघते, तेवढ्यासाठी समज.

सिस्टर म्हणाली होती, पाजताना एकदा मला बघू दे. मी म्हटलं, तसं सगळं ठीक आहे. बाहेर बाकावर एवढी माणसं बसलेली, मला लाज वाटली. तू असतीस तर लाजले नसते.

हे पत्र दोरेवाल्याच्या हातात देतेय. तो उद्या तुझ्या दुकानात येईल आणि गुरुवारी पुन्हा इकडे. लिहायचं नसेल तर लिहू नकोस. त्याच्याजवळ दोन शब्दांचा निरोप दे.

चिंधी


गुरुवार, १३ तारीख

निरोप मिळाला.

दोरेवाला दारात उभा राहिला, पेटी खाली ठेवली, छताकडे बघितलं आणि धडा पाठ केलेल्या पोरासारखा म्हणाला, "ताईंनी सांगितलंय. दूध लाव. वाकू नकोस. बाळाला आण." मी म्हटलं, आणखी? म्हणाला, आणखी काही नाही, मी दोनदा विचारलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पांढऱ्या रिळांचे पैसेसुद्धा न घेता गेला.

वा ताई. तू कापड वाचवतेस तसे शब्द वाचवतेस हे मला माहीत होतं, पण यावेळी पार गळाच कापलास.

दूध लाव. म्हणजे तुला जमणार नाही, तू सोड, दूधवाल्याकडून रतीब लाव. मी एवढं लिहिलं, मला पाजायचंय म्हणून तुझ्यापुढे पदर पसरला, आणि तुझं उत्तर काय, तर दूध लाव. एकदा "बरी आहेस ना" असं तरी विचारायचंस.

वाकू नकोस. हे तर मला तुझ्याकडूनच ऐकायचं राहिलं होतं. दुकान सोडून आले तेव्हा मी वाकले नव्हते, आता वाकत पत्रं पाठवतेय, हेच ना? ठीक आहे. नाही वाकत. कान धरले.

आणि बाळाला आण. बाळाला. मला ये म्हणाली नाहीस. बाळ पोचवायला कुणीतरी लागेल म्हणून नाइलाजानं मी. तू आपल्या दुकानाची पाटी रंगवलीस तेव्हाही असंच झालं होतं. अकरा वर्षं दोघींनी एका टेबलावर कापड कापलं, आणि पाटीवर नाव तुझं एकटीचं. मी काय विचारलं होतं तुला? "माझं कुठाय?" एवढंच. तू म्हणालीस, "हं."

तरी एक सांगते. माझ्या लग्नाची चोळी तू माप न घेता शिवून याच दोरेवाल्याबरोबर पाठवलीस आणि ती कुठेही सैल नव्हती, कुठेही घट्ट नव्हती. ती अंगात घातली तेव्हा मला वाटलं होतं, हिला अजून माझी प्रत्येक शिवण पाठ आहे. म्हणून या निरोपाचं एवढं लागलं.

आता उद्या जाते आणि दूध लावते. तुझी आज्ञा.


शुक्रवार, १४ तारीख

ताई,

कालचं पत्र अजून टपालपेटीत टाकलं नव्हतं. तेही यासोबतच पाठवतेय, कारण मी किती मूर्ख आहे ते तुला कळलंच पाहिजे, तुला तेवढीच मजा.

सकाळी बटणला घेऊन कोपऱ्यावरच्या दूधवालीकडे गेले. जाडजूड बाई, बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या, मापानं दूध ओतताना एक थेंब सांडत नाही. मी म्हटलं, दूध लावायचंय. तिनं विचारलं, किती? मी म्हटलं, एका बाळाला किती लागतं? तिनं माप खाली ठेवलं. गल्ल्यावरून वाकून बटणकडे बघितलं आणि म्हणाली, एवढ्याशा जिवाला माझ्याकडचं दूध देत नाहीत बाई, कुणी सांगितलं तुला हे?

मला रडू कोसळलं. दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर. सगळं सांगितलं तिला, चिरांपासून निरोपापर्यंत. ती ऐकत राहिली आणि मग जी हसायला लागली ती गल्ला धरूनच हसत होती. मला इतका संताप आला की निघून जाणार होते. तिनं माझा दंड धरला आणि आत, कॅनांच्या मागे नेलं.

"अगं वेडे," ती म्हणाली, "तुझं दूध लाव म्हणतेय ती. पाजून झालं की दोन थेंब काढायचे, जिथं चिरलंय तिथंच लावायचे आणि उघड्यावर वाळू द्यायचं. परक्या पुरुषाजवळ आणखी काय सांगणार होती तुझी बहीण?"

ताई, मी तिथेच एका रिकाम्या कॅनवर बसले.

दोरेवाल्याच्या लाल पाळ्या मला तेव्हा समजल्या. तूसुद्धा त्याच्यासमोर कशी उभी राहिली असशील ते दिसलं, हातात कात्री, नजर कापडावर, आणि "छाती" हा शब्द कसा टाळायचा याचा विचार. गिऱ्हाइकांच्या छातीची मापं तू दिवसभर घेतेस, पण दोरेवाल्यासमोर आकडासुद्धा हळू बोलतेस.

घरी येऊन केलं तसं. आधी कोमट पाण्याची घडी ठेवली, दूधवालीनंच सांगितलं होतं, मग पाजलं, मग दूध लावलं आणि खिडकीचा पडदा अर्धाच ओढून, ऊन येईल अशी उघडीच बसले. जुनी चोळी फाडून मऊ तुकडे केलेत, ओले झाले की बदलायचे. साबण बंद. दुखायचं थांबलं नाही, पण चुरचुर कमी झाली.

आता बाकीची दोन वाक्यं मला छळतायत. पहिल्या वाक्याचा अर्थ मी उलटा लावला, तर पुढच्यांचाही लावला असेन का?


शनिवार, १५ तारीख

ताई, कळलं.

दुपारी पाजायला बसले होते. बटण मांडीवर, आणि मी तिच्यावर ओणवी, छाती तिच्या तोंडापर्यंत पोचवत. मान अवघडलेली, खांदे कानाशी, आणि एक डोळा मिटून दुखण्याची वाट बघत. नवरा समोर घड्याळ उघडून बसला होता. त्यानं भिंगातून वर बघितलं आणि म्हणाला, तू मशीनवर पण अशीच बसतेस का?

आणि माझ्या पाठीवर फूटपट्टी बसली. खरंच बसल्यासारखी वाटली. शिवण शिकताना तू रोज मारायचीस ती, जोरात नाही, नुसती टेकवायचीस, आणि म्हणायचीस, "वाकू नकोस." मी सुईच्या मागे मागे नाक न्यायची, म्हणून. आणि मग तुझं दुसरं वाक्य, तितकंच ठरलेलं. "सुई जागेवर असते. कापडाला आण."

कापडाला आण. बाळाला आण.

मी उठून पाठीला उशी लावली. ताठ बसले. बटणला आडवी घेतली, तिचं पोट माझ्या पोटाला, नाक बोंडासमोर. आणि थांबले. घाईघाईनं कोंबलं नाही. तिनं जांभई देतात तसं मोठं तोंड उघडलं तेव्हा तिला जवळ आणलं, माझी छाती तिच्याकडे नेली नाही. हनुवटी आधी टेकली. नुसतं टोक नाही, भोवतालचा काळा भागही तिच्या तोंडात गेला. मी जीव मुठीत धरून वाट बघत होते. आणि, ताई, ओढ जाणवली, पण कळ आली नाही. पहिल्यांदाच मला तिचं गिळणं ऐकू आलं.

नवरा विचारत होता काय झालं, का रडतेस. मी म्हटलं, ताईनं शिकवलं.

दोनदा चुकलंही नंतर. दुखलं की आता मी ओढून काढत नाही, करंगळी तिच्या ओठांच्या कोपऱ्यात सरकवते, सुटते, आणि पुन्हा पहिल्यापासून. उसवून पुन्हा शिवायचं. तेही तूच शिकवलंस आणि तेव्हा मला त्याचा भयंकर राग यायचा.

तुझी चिंधी


बुधवार, १९ तारीख

ताई,

वजन वाढलं. सिस्टरनं काट्यावर ठेवलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते, तिनं खांदा हलवून उघडायला लावले. यावेळी मी स्वतःहून म्हटलं, पाजताना बघा. बाकावरची माणसं गेली खड्ड्यात. तिनं बघितलं आणि म्हणाली, छान धरलंय बाळानं, कुणी दाखवलं? मी म्हटलं, बहिणीनं, लांबून. तिला वाटलं फोनवरून. मी तसंच समजू दिलं, दोरेवाल्याची गोष्ट सांगायला लागले असते तर मागच्या बाया उठून गेल्या असत्या. ती म्हणाली, चिरा भरत आल्यात, हेच चालू ठेव, ताप आला किंवा छाती लाल होऊन दुखली तर मात्र घरचे उपाय करत बसू नकोस, सरळ ये.

डब्याचं दूध तूर्त नको म्हणाली.

घरी येताना दूधवालीकडे थांबले. बटणला माझ्या हातातून घेऊन तिनं तिच्या गालाला हात लावला, आणि अर्ध्या रस्त्याला ऐकू जाईल असं विचारलं, "काय गं, लावलं का दूध?" दुकानातली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, लावलं.

आता एक उरलंय. ते विचारल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

दूध लाव, कळलं. वाकू नकोस, कळलं. पण बाळाला आण हे शेवटचं तू कसं म्हणाली होतीस? छातीशी आण, एवढंच? की तुझ्याकडे आण? मी दोन्ही अर्थ लावून बघितले आणि दोन्ही बसतात. पहिलाच असेल तर तसं सांग, मी रागावणार नाही. उपाय सांगितलास, पोरीचं पोट भरलं, यातच मला सगळं मिळालं. पण दुसरा असेल तर मला कळलं पाहिजे. कारण त्या दिवशी रागाच्या भरात मी लिहिलं की मला ये म्हणाली नाहीस, ते नुसतं रागानं नव्हतं लिहिलं. मला यायचंय. तुझी फार आठवण येते. बटण तोंड उघडते तेव्हा दोन्ही ओठांमध्ये टाचण्या धरलेली तू आठवतेस, काही न बोलता माझ्या बाह्या बसवणारी. मला वाटायचं तू बोलत नाहीस. तुझं तोंडच टाचण्यांनी भरलेलं असायचं.

पाटीचा विषय मी सोडलेला नाही, हेही लक्षात ठेव. ते भांडण आपण समोरासमोर करू, चहा पीत.

दोरेवाला उद्या निघतोय. त्याला विचारायला सांगितलंय: बाळाला कुठं आण? तो म्हणाला, बाई, हे असले निरोप मला झेपत नाहीत, मी दोरे विकतो. पण नेईल. माणूस भला आहे.

चिंधी


गुरुवार, २७ तारीख

ताई,

दोरेवाला आला. यावेळी छताकडे बघितलं नाही, सरळ माझ्याकडे बघून हसला. पेटी उघडली, वरच्या कप्प्यातून एक पुडकं काढलं. आत मऊ सुती कापडाचे गोल तुकडे, दुहेरी, कडा इतक्या बारीक दुमडलेल्या की बोटाला कुठे टोचत नाहीत. चोळीत ठेवायला. माप न घेता.

मी विचारलं, निरोप? म्हणाला, ताईंना विचारलं, कुठं आण. त्यांनी कापणं थांबवलं नाही. बाही पुरी कापली. मग म्हणाल्या, "दोन्ही."

एवढंच.

ताई, एवढ्या वर्षांत तू मला एवढं मोठं काही बोलली नव्हतीस.

शनिवारी दुपारच्या गाडीनं निघतोय. घड्याळवालाही येतोय आणि त्याला तासातासाला चहा लागतो, तेव्हा यावेळी खरंच दूध लाव. मी वाकणार नाही, पाटीवरून भांडणार आहे. बाळाला आणतेय.

तुझी
चिंधी